‘हो’ मान्य नसलेल्या अधीक्षक मॅडम

यंदा भाताच्या रोवणीच्या दिवसांत, एका मंगळवारी दुपारी, आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातून एक गरोदर बाई कोणाला न सांगता निघून गेली. रक्तदाब चढलेला, पायांवर सूज. तिला गोंदियाला हलवायचे ठरले होते, रुग्णवाहिका दारात उभी होती. ती परत मिळाली ती रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडममुळे. बातमीदारीत मी भाषणे करणारे पुष्कळ ऐकले. पण मॅडमइतके प्रभावीपणे गप्प बसणारे माणूस सबंध जिल्ह्यात दुसरे नाही.

मॅडम तेव्हा आमच्या शेजारी राहत. समोरच्याने नुसते ‘हो’ म्हटलेले त्यांना चालत नाही. आपण काय सांगितले ते त्या त्याच्याच तोंडून ऐकतात, मग तो शल्यचिकित्सक असो की दूधवाला. उद्या अर्धा लिटर जास्त, हे दूधवाल्याने पूर्ण वाक्यात म्हटल्याशिवाय दार लागत नसे. आता तो गल्लीतल्या प्रत्येक घरी न विचारता वाक्य म्हणून दाखवतो. वॉर्डात त्या न्हाणीघरातले प्लास्टिकचे बुटके स्टूल घेऊन फिरतात. खाटेवरच्या माणसाला डॉक्टरच्या नाकपुड्या नाही, डोळे दिसले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबांनाही त्यांनी त्याच स्टुलावरून उत्तरे दिली. साहेब अवघडून खुर्चीवरून उठले आणि बाकीची तपासणी त्यांनी उभ्यानेच केली.

आरोग्य अधिकाऱ्यांसाठी नेतृत्व आणि संवाद या विषयावर त्यांचे एकदा व्याख्यान ठेवले होते. मॅडमनी पहिल्या रांगेतल्या एका डॉक्टरांना विचारले, आज शेवटच्या पेशंटला काय सांगितलेत? त्यांनी सविस्तर सांगितले. मग विचारले, तो काय म्हणाला? डॉक्टर आठवू लागले. मॅडम थांबल्या. सभागृह थांबले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी त्या थांबलेल्याच. व्याख्यान एवढेच झाले. त्याची चर्चा अजून होते.

त्या मंगळवारी तरुण डॉक्टरने बाईच्या नवऱ्याला सगळे नीट समजावले होते. नवरा प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणाला. आमच्या भागात ‘हो’ म्हणजे ऐकले. पटले असे नाही. आणि पटवायचे होते ते बाहेर झाडाखाली बसलेल्या त्याच्या आईला. डॉक्टरने तो होकार धरला. नवरा, बायको, सासू मागच्या फाटकाने गेली.

मॅडम डॉक्टरला रागावल्या नाहीत. त्याला आणि स्टुलाला रुग्णवाहिकेत घातले. मी दुसऱ्या बातमीसाठी तिथे होतो, मीही चढलो. महामार्गावरच्या थांब्यावर ते तिघे भेटले. सून डोके धरून बसलेली, सासूने पिशवी छातीशी धरलेली. मॅडमनी धुळीत, सासूसमोर स्टूल ठेवले.

“मावशी, काऊन नेऊन राहिल्या इले घरी?”

सासू बोलली नाही. मॅडमही नाही. त्यांच्या गावाकडे जाणारी देवरीची बस आली. मुलाने आईच्या हातून पिशवी घेतली. डॉक्टर काही म्हणणार, तोच मॅडमनी त्याच्याकडे न पाहता हात वर केला. कंडक्टरने दोनदा हाक दिली. सासू उठली नाही. बस गेली.

“मोठ्या सुनेलेई गोंदियाले नेलं होतं,” सासू म्हणाली. “तुम्ही बाहेर बसा म्हणे. आमी बसलो. कोणी काई सांगे ना. मंग तिचे कपडे आणून देले.”

सगळे ठीक होईल असे मॅडम म्हणाल्या नाहीत. “मी संगं येते. आत काय चालू हाये ते बाहेर येऊन तुमाले सांगीन. चांगलंही, वाईटही. आता मी काय म्हटलं, सांगा.”

“तू येशीन,” सासू म्हणाली. “लपवशीन नाही.” मग मुलाकडे वळली. “उभा काऊन हायेस खांबासारखा? धर तिले.”

गोंदियाला संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. मॅडम आतबाहेर करत राहिल्या. रक्तस्राव थांबत नव्हता तेव्हा तेही त्यांनी सासूजवळ जमिनीवर बसून सांगितले. थांबला तेव्हा पुन्हा आल्या. सून वाचली. मुलगी झाली, वजनाने फार कमी. तिचे काही दिवस सांगता येणार नाही, हेही सांगून झाले.

पोळ्यानंतर सासू मॅडमना नात दाखवायला तालुक्याच्या रुग्णालयात आली. मॅडमची तोवर बदली झाली होती. नव्या गावाला कोणती बस जाते ते तिने विचारून घेतले आणि नातीला घेऊन ती स्टँडकडे निघाली.