बाहेरून कडी

अंगाला साबण लावलेला व्हता, डोळे मिटलेले व्हते, आणि कानावर केंद्राच्या मॅडमचा आवाज आला, "आणि हे आपलं लेडीज बाथरूम."

डोळे उघडले तर समोर पाव्हणे. पांढऱ्या कडक कपड्यातले एक अण्णा, मागं दोन बाया, एक फोनवाला. बाथरूमला दार नव्हतंच. खताच्या गोणीचा पडदा व्हता. तो कामावरच्या मावशीनं हातानं वर धरला व्हता, पाव्हण्यांना नीट दिसावं म्हणून. मी खाली बसले. गुडघे छातीशी घेतले. बेल्ह्याच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाचं दात बघतं तशी ती माणसं नळ बघत व्हती, फरशी बघत व्हती, आणि मधी मी. कुणी मान फिरवली न्हाई. अण्णा एवढंच म्हणाले, "दार नाय व्हय इथं? देऊ की आपण."

माझ्याकडं बघून न्हाई म्हणाले. मॅडमकडं बघून म्हणाले.

मी आणे गावच्या पठारावरची. माहेर बेल्ह्याचं, बाप मेंढरं राखायचा. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी झोप गेली. मग भूक गेली. मग बोलणं गेलं. एकदा विहिरीच्या काठावर सापडले म्हणतात, मला आठवत न्हाई. आधी देवऋषी झाला, अंगारे झाले, आणि मग नवऱ्यानं नि भावानं मला टेम्पोत घालून जुन्नरच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला एका केंद्रात आणून सोडलं. डोकं बिघडलेल्या बायांना तिथं राहून औषध देतात. त्या औषधानं मला झोप लागली, हे खोटं सांगणार न्हाई. गोळीनं मला बरं केलं. पण गोळी सोडून तिथं जे जे व्हतं, त्यानं मला रोज थोडं थोडं मारलं.

सगळ्यांना एकाच रंगाचा गाऊन. तो पण जिचा तिला न्हाई, धुऊन आलेल्या ढिगातून हाताला लागंल तो. आज माझ्या अंगावरचा उद्या दुसरीच्या. आमच्यावर नेमलेल्या बायांना मावशी म्हणायचं, आणि मावशी आमाला म्हणायची, "ए". मी दोन पोरांची आई, पण तिथं माझं नाव ए.

माझ्या शेजारच्या कॉटवर डोंगरातल्या आहुप्याची हिराबाई व्हती. वयानं माझ्या आईएवढी. घरचं कुणी भेटायला यायचं न्हाई. ती लई कमी बोलायची, पण मी रडले की माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहायची. जन्मभर वढ्यावर लुगड्यासकट आंघोळ केलेली बाई. अंगावरचं लुगडं अंगावरच वाळायचं. तिला गोणीच्या पडद्यामागं गाऊन काढायला सांगितला, ती काढंना. मग मावशी म्हणायची, घाणेरडी हाये, ऐकत न्हाई, आजार वाढलाय. आणि दोघी मिळून तिला भिंतीशी धरायच्या, गाऊन ओढून काढायच्या नि पाइपानं पाणी मारायच्या. अंगणात गाडी धुत्यात तसं. हिराबाई ओरडायची न्हाई. भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. लाज हा काही आजार हाये का? तिला लाज वाटत व्हती म्हणजे ती आमच्यात सगळ्यात धडधाकट व्हती.

म्हणून दारं येणार म्हटल्यावर मला आनंद झाला. खरंच झाला. मी हिराबाईला सांगितलं, आता दार येतंय, लावून घ्यायचं, कुणी बघणार न्हाई. तिनं दोनदा विचारलं, "खरं?" मी म्हटलं, खरं.

निळी प्लॅस्टिकची दारं आली. दारावर अण्णांचं नाव रंगवलेलं, लांबून वाचता यावं एवढं मोठं. खाली 'सप्रेम भेट'. मी आत गेले, दार ओढलं आणि कडी शोधली. आतून गुळगुळीत. कडी बाहेरून व्हती.

मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडली की गाठ बाहेरून मारतात. जाळीच्या आतल्या जित्राबाला गाठ सोडायची काय गरज? तसंच हे. मी आत असताना मावशीनं कडी घातली नि दुसरीकडं निघून गेली. ती परत येईपर्यंत मी ओल्या अंगानं दार वाजवत बसले. दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करत असतानाच, उशीर व्हतोय म्हणून तिनं दार सताड उघडलं. गोणीच्या पडद्यामागं निदान कुणाला कोंडून ठेवता येत नव्हतं.

मी मॅडमकडं गेले. म्हटलं, कडी आतून बसवा. मॅडम खुर्चीतून म्हणाल्या, "आतून कडी दिली आणि कुणी काही करून घेतलं, तर जबाबदार कोण?"

वरवर बघितलं तर बरोबर बोलल्या. मी पण गप झाले असते. पण माडीवर स्पेशल रूम व्हत्या, जास्त पैसे भरणाऱ्या घरच्या बायांसाठी. एकदा मावशीनं मला तिथली लादी पुसायला नेलं व्हतं. तिथल्या बाथरूमला आतून कडी व्हती. पितळेची. मी विचारलं, "माडीवरच्या बायांना कडी हाये. त्या जीव देत न्हाईत का?"

मॅडमनी मावशीला हाक मारली, हिला घेऊन जा म्हणाल्या.

दारांच्या उद्घाटनाचा कार्यक्रम ठरला. हो, दारांचं उद्घाटन. मांडव, माईक, हार, दाराला लाल फीत. मॅडमनी मला बोलावलं. माझी बारावी झालेली, बोलणं बरं. पेशंटच्या वतीनं आभाराचे दोन शब्द बोल म्हणाल्या. आणि म्हणाल्या, नीट बोललीस तर रविवारी पोरांना आत येऊन भेटू देऊ. माझी धाकटी तवा रांगत व्हती. मी तिला गेटच्या गजांतून बघितलं व्हतं, हातात घेतलं नव्हतं. मी हो म्हटलं. आभार पाठ केले.

कार्यक्रमाला आमाला नवे गाऊन घातले. सतरंजीवर रांगेत बसवलं. समोर खुर्च्यांवर पाव्हणे. अण्णांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. प्रत्येकीच्या हातात एकेक केळं दिलं, आणि फोनवाला म्हणाला, "आजी, केळं जरा वर धरा, तोंडासमोर नको." त्यानं हिराबाईची हनुवटी बोटानं वर केली. बोटानं. तिनं डोळे मिटून घेतले.

मग माझं नाव पुकारलं. तिथं आल्यापास्नं पहिल्यांदा माझं पुरं नाव कुणी घेतलं, ते आभार मानायला.

माईक हातात घेतला. पाठ केलेलं सगळं आठवत व्हतं. पोर पण आठवत व्हती. आणि समोर हिराबाई, मिटल्या डोळ्यांची, मांडीवर केळं. तिला मीच म्हटलं व्हतं, खरं.

मी म्हणाले, "अण्णा, तुमी दार दिलं. पण कडी बाहेरून हाये. असल्या दाराला आमच्याकडं खुराडं म्हणतात. कडी आतून बसवा. ती बसंल तवा मी आभार मानीन."

अण्णा हसले. मोठ्यानं, पोट हलवून. मॅडमना म्हणाले, "अजून बराच कोर्स बाकी दिसतोय हिचा." मग सगळेच हसले. खुर्च्यांवरची एकूण एक माणसं. शहाण्या बाईनं मागितलं तर ते मागणं असतं, येड्या बाईनं मागितलं तर तो आजार. एवढं सोपं असतं त्यांचं. मॅडमनी माईक काढून घेतला. तेवढ्यात सतरंजीवरून आवाज आला, "आतून पायजे." हिराबाई बोलली व्हती. केळं तिनं समोर जमिनीवर ठेवलं व्हतं. तिच्याकडं बघून कुणी हसलं न्हाई, कारण कुणी बघितलंच न्हाई.

त्या रविवारी नवरा पोरांना घेऊन गेटापर्यंत आला आणि परत गेला. त्याला सांगितलं, पेशंट आक्रमक झालीय. माझ्या गोळ्या वाढवल्या. मी दिवसभर गुंगीत पडून राहायचे, तोंडातून लाळ गळायची. कुणाला वाटंल मग मला पस्तावा झाला. न्हाई झाला. राग आला. आजारात सगळं गेलं व्हतं, राग पण गेला व्हता. तो परत आला तवा मला कळलं, आता मी बरी व्हतेय.

पुढं काही महिन्यांनी केंद्रानं मला सोडलं. आता मी घरी हाये. गोळी चालू हाये, ती मी चुकवत न्हाई. धाकटी चालायला लागली.

परवा मॅडमचा फोन आला. गोड आवाज. केंद्राचा वर्धापनदिन हाये, अण्णा येणार हायेत, बऱ्या झालेल्या पेशंटचा सत्कार ठेवलाय. साडी, नारळ. आणि दोन शब्द बोलायचे, यावेळी चांगले. मी विचारलं, हिराबाई कशी हाये? म्हणाल्या, आहे की, इथंच आहे, आंघोळीचा त्रास तेवढा देते.

म्हणजे कडी अजून बाहेरूनच हाये. आणि पाइप पण चालूच हाये.

नवरा म्हणतो, जा, साडी घे, गप बसून ये. सासू म्हणती, जाऊच नको, तोंड कशाला दाखवायचं. मी दोघांचं ऐकलं न्हाई. आळेफाट्याला गेले, हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली, स्क्रू घेतले, पेचकस घेतला. घरी न्हाणीच्या दाराला दोनदा बसवून, काढून बघितली. हाताला सवय झालीय.

मी जाणार हाये. सत्काराच्या खुर्चीत बसायच्या आधी बाथरूमकडं जाणार. अण्णांच्या नावाच्या दाराला आतल्या अंगानं कडी बसवणार. अडवायला येतील, येऊ द्या. येडी म्हणतील, ते मला नवीन न्हाई. कुणाला जीवाची काळजी असंल तर दाराबाहेर बसावं नि आतल्या बाईला नावानं हाक मारावी. मी स्वतः बसंन.

मग हिराबाईला आत पाठवणार. कडी ती लावील. मांडवात पाव्हणे थांबतील, माईक थांबंल, नारळ थांबंल. तिची आंघोळ व्हईपर्यंत सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं. कडी ती काढील, तिच्या मनानं. तोवर मी दारावरून हलणार न्हाई.