बोळात कानात सांगितलेलं उत्तर

पोलीस ठाण्याच्या कोठडीवरच्या पहारेकऱ्याला आत येणारा प्रत्येक जण मामा म्हणायचा. खिसेकापू म्हणायचे, दारुडे म्हणायचे, बापाच्या वयाचे भामटेही म्हणायचे. माणूस मऊ होता. पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतानाही तो माफी मागितल्यासारखा पुटपुटायचा. सहकाऱ्यांनी चेष्टा केली की म्हणायचा, "अंगाला हात लावतोय, तर निदान गोड बोलून लावावा."

त्याची एक सवय होती. नव्या माणसाला चौकशीच्या खोलीकडे नेताना बोळाच्या वळणावर तो जरा वाकायचा आणि त्याच्या कानात सांगायचा, "नशेचं विचारतील. नाही म्हण." यात त्याचा छदामाचाही स्वार्थ नव्हता. हो म्हणणाऱ्याचं काय होतं ते त्याने नोकरीभर पाहिलं होतं. आधी थपडा, मग एक वाढीव कलम, आणि वर घरच्यांची शोभा.

मग ठाण्यात सुधारणा आल्या. मामाच्या नोकरीत त्या आधीही येऊन गेल्या होत्या. एकदा भिंतींना रंग लागला. एकदा तक्रारपेटी आली, आणि तिची किल्ली ज्यांच्याविरुद्ध तक्रार व्हायची त्यांच्याच खिशात जाऊन बसली. या खेपेला विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. शहरातल्या निरनिराळ्या ठाण्यांत अटकेतली माणसं कसली नशा करतात, किती करतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. अडगळीची खोली झाडून त्यांना दिली. नाव लिहायचं नाही, उत्तर पोलिसांच्या कानावर घालायचं नाही, आणि हो म्हणणाऱ्याला डॉक्टर तपासून तिथेच औषध देणार, असं ठरलं. शिपायांना बसवून हे नीट समजावलंही गेलं. मामा मागच्या रांगेत होता. "बोलू देत," तो शेजाऱ्याला म्हणाला, "रंग वाळला की जातील." आणि बोळात तो पूर्वीसारखाच वाकत राहिला. आता त्याला मूर्ख म्हणायचं तर म्हणा, पण दोनदा फसलेल्या माणसाने तिसऱ्यांदा कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?

एका सकाळी कोठडीत आणलेला माणूस त्याचा सख्खा भाचा निघाला. फरश्या बसवणारा, तिशीचा गडी. कामाला असा नेटका की त्याने बसवलेल्या फरशीवर हात फिरवला तर जोड कुठे आहे ते कळायचं नाही. वाकून वाकून पाठ गेली, पाठीसाठी गोळ्या आल्या, पुढे झोपेसाठी आणखी आल्या, आणि त्या काही सुटेनात. ठेकेदाराचं फरशी कापायचं यंत्र विकताना तो सापडला होता.

"मामा," एवढंच तो म्हणाला. या कोठडीत एवढ्या जणांनी मारलेल्या हाकांमधली ही एकच खरी होती.

त्याने बहिणीला फोन केला. ताई रडली नाही. "तू आहेस ना तिथे? मग मला धीर आहे," ती म्हणाली. "माझं लेकरू मला धड परत आणून दे."

दुपारी भाच्याला बाईंकडे न्यायची वेळ आली. बाकीच्यांना मामा बोळात एकदाच सांगायचा. भाच्याचा मात्र त्याने दंड धरला.

"नाही म्हण. काही झालं तरी नाहीच म्हण."

"पण मामा, औषध देतात म्हणे. आतला एक जण सांगत होता."

"इथे कुणी कुणाला काही देत नाही. जन्म इथे मी काढला की त्याने?"

भाच्याने मान हलवली. मोठ्यांचं ऐकायचं वळण त्याला ताईनेच लावलं होतं.

बाईंनी त्याचे थरथरणारे हात पाहिले आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. तो नाहीवरून हलला नाही. लघवीचा नमुना ज्याच्या त्याच्या मर्जीवर होता, तोही त्याने दिला नाही. दाराबाहेर मामा कान देऊन उभा होता. पोरगं शहाणं निघालं म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढे भाच्याला घाम सुटू लागला, झोप उडाली, भिंतीकडे बघून तो काहीबाही बोलू लागला. मामाने असे तळमळणारे पुष्कळ पाहिले होते, आणि त्यातले बहुतेक नंतर उठून जेवलेही होते. त्याने स्वतःचं पांघरूण दिलं, साखर जास्त घालून चहा दिला. "निघून जाईल रे, कळ काढ," तो म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी भाच्याला झटका आला, मग झटक्यांवर झटके आले. रुग्णवाहिका दारात येईपर्यंत मामाच्या मांडीवर सगळं संपलं होतं.

झोपेच्या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टर म्हणाले, थोड्या थोड्या कमी कराव्या लागतात. कळलं असतं तर त्याच दुपारी औषध सुरू केलं असतं. औषध खरोखरच होतं. मामा ज्या दाराला कान लावून उभा होता, त्याच्या पलीकडच्या कपाटात होतं. उभ्या नोकरीत एक सुधारणा खरी निघाली, आणि तिला आपल्याच रक्ताच्या माणसाकडून त्याने नाही म्हणवून घेतलं.

चौकशी झाली. बोळातल्या कॅमेऱ्यात पहारेकरी कैद्याचा दंड धरून मायेने काही बोलताना दिसला. आवाज टिपायची सोय कॅमेऱ्यात नव्हती. पहारेकऱ्याची वागणूक सौजन्याची होती, असा शेरा पडला. पुढे बाईंचा अभ्यासही आला. त्यात नशा न करणारे याच ठाण्यात सर्वांत जास्त निघाले, आणि ठाण्याच्या साहेबांनी ती प्रगती म्हणून सर्वांसमोर वाचून दाखवली. त्या न करणाऱ्यांत भाचाही मोजलेला होता. मामा बोलायला म्हणून उठून उभा राहिला. साहेबांना वाटलं, पहाऱ्याची पाळी बदलायला निघाला. त्यांनी मानेनेच जा म्हटलं आणि तो गेला.

ताईकडे जाताना मात्र सगळं सांगायचं असं ठरवूनच तो गेला. तिने पाणी दिलं, समोर बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"तू होतास, एवढंच समाधान," ती म्हणाली. "परक्या जागी धीराचे दोन शब्द बोलायला आपलं माणूस होतं. काय सांगितलंस रे त्याला?"

मामाने तोंड उघडलं. ताई वाट बघत होती.

"घाबरू नकोस म्हणालो."

"ऐकलं ना त्याने तुझं?"

"ऐकलं," मामा म्हणाला.