घागरी घेऊन गाडी बघायला

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या अप्पांना मोटार घ्यायची हौस आली. त्याआधी कचेरीचं काही काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागायचं, त्यात मुक्काम पडायचा. आता सगळी कचेरी लातूरला आली. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अप्पांचं आडतीचं दुकान होतं. रोज संध्याकाळी दुकानातून आले की पाय धुता धुता ते सुरू व्हायचे, "जिल्हा दारात आला. आता यष्टीत उभं राहून जायचं व्हय?"

त्याच वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही जेमतेमच होता. गल्लीतल्या नळाला आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. गावापासून लांब आमच्या शेतातल्या विहिरीला तेवढा झरा शिल्लक होता. पण चाऱ्यावाचून बैल खंगले म्हणून ते मामाच्या गावी पाठवलेले. बैलगाडी बंद, त्यामुळे आई आणि आत्या भल्या सकाळी डोक्यावर घागरी घेऊन शेतात जायच्या आणि उन्हं तापायच्या आत परत यायच्या. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घरात सगळ्यांत जास्त हसणारी.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होते, वसतिगृहात राहायचे. अप्पांनी निरोप धाडला, की नांदेडात चांगली वापरलेली गाडी बघून ठेव. मी विचारत विचारत दोन गाड्या शोधल्या. एक होती एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेली, साईच्या रंगाची. दुसरी आमच्या वसतिगृहाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेची. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांची गाडी माझ्याहून वयानं मोठी होती. रंग गर्द हिरवा आणि पाठ कासवासारखी फुगीर. पुढची सीट सलग, बाकासारखी, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला.

अप्पा एकटेच येतील असं मला वाटलं होतं. बसस्टँडवर गेले तर अप्पांच्या मागोमाग आई उतरली, तिच्या मागोमाग आत्या. दोघींच्या हातात एकेक पितळी घागर.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"तुझ्या आईला विचार," अप्पा म्हणाले. "कंडक्टरबी हसला. म्हणला, मावशी, नांदेडहून गोदावरी न्यायलाव का?"

आई शांतपणे म्हणाली, "बैल घेताना नांगराला जुंपून बघताव का न्हाई? मग गाडीबी बघू की."

वसतिगृहाच्या हापशावर आम्ही दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या आणि रिक्षात मांडीवर धरून गुत्तेदाराच्या घरी पोहोचलो. त्याची गाडी अंगणात उभी होती, नव्या जावयासारखी. सीटवरची प्लास्टिकची कव्हरं अजून काढली नव्हती. आत टेप होता. गुत्तेदारानं बटण दाबलं, गाणं लागलं. अप्पांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, सौदा झालाच.

आईनं घागर पुढं केली. गुत्तेदार हसायला लागला. "वहिनी, ही बसायची गाडी हाय."

"आम्ही बसूच की. घागर मधी ठेवताव."

डिकीत ठेवून पाहिली, तर झाकण लागेना. शेवटी दोघी मागं बसल्या, घागरी सीटवर मधोमध. अप्पा चालवायला बसले. भागीदाराच्या जीपवर ते गाडी शिकले होते, आणि जीपसारखीच चालवायचे. पहिल्याच वळणावर प्लास्टिकवरून एक घागर घसरली आणि सगळीच्या सगळी आत्याच्या अंगावर उपडी झाली.

गुत्तेदार पुढच्या सीटवरून वळून भिजलेल्या गादीकडं बघत होता. मग आत्याच्या तोंडून एक किंकाळी निघाली आणि तिचं हसू झालं. केसांतून, नाकावरून पाणी गळतंय, कपाळावरचं भस्म वाहून गेलंय आणि ती म्हणते, "अगं माय! किती दिसांनी डोक्यावरून न्हायले! फिरव रे, अजून एकदा फिरव!"

आई हसली, मी हसले. गुत्तेदार बिचारा सभ्य माणूस, तोही हसला. पण परत आल्यावर टॉवेल घेऊन पहिल्यांदा गाडी पुसायला धावला. अप्पांचं मत काही बदललं नाही. "पाणी आणायला घ्यायलाव का गाडी? कलेक्टर कचेरीसमोर उभी केली तर चार माणसांत इज्जत वाढावी अशी गाडी पाहिजे."

"कलेक्टर काय गाडीला भेटणार हाय?" आई म्हणाली. "चला, दुसरी बघू."

मास्तरीणबाई सत्तरीच्या असतील. त्यांचे यजमान डॉक्टर होते. याच गाडीतून दोघं किनवटकडच्या जंगलातल्या गावांना जायची, ते पेशंट बघायला आणि त्या मदतीला. डॉक्टर गेल्यावरही गाडी त्यांनी सांभाळली होती. आम्हाला पाणी दिलं, आत्याला आपलं कोरडं लुगडं दिलं. मग गाडीचा मागचा दरवाजा उघडून सीटवर हात फिरवत म्हणाल्या, "ह्या सीटवर बाळं जन्मलीत. दवाखान्यापर्यंत पोचायला त्यांना दम निघाला नाही."

आत्यानं लगेच सीटला हात लावून तो कपाळाला लावला.

मागची जागा ऐसपैस होती, जमीन सपाट. आईनं राहिलेली भरली घागर आणि पुन्हा भरून घेतलेली दुसरी, दोन्ही खाली पायांशी ठेवल्या. जणू त्यांच्याचसाठी केलेली जागा. अप्पा चालवायला पुढं झाले तशा मास्तरीणबाई म्हणाल्या, "थांबा. हिची रीत वेगळी आहे. आधी मी दाखवते." आणि पदर खोचून त्या स्टिअरिंगमागं बसल्या.

मी आईकडं पाहिलं. तिचं घागरींकडं लक्षच नव्हतं. पुढच्या बाकावर मास्तरीणबाईंच्या शेजारी तिनं स्वतःच जागा घेतली होती, आणि ती त्यांच्या हातांकडं बघत होती. हात दांड्यावर जायचा, पाय दाबला जायचा, गाडी गुरगुरत पुढं सरायची. वजिराबाद भागातल्या गर्दीतून त्या हॉर्न वाजवत, मान बाहेर काढून सायकलवाल्यांना दटावत, आम्हाला फिरवून घरी घेऊन आल्या. दोन्ही घागरी जशाच्या तशा भरलेल्या.

गाडी थांबली. आई उतरलीच नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "अहो, हीच."

"मागचं एक दार आतून उघडत न्हाई," अप्पा म्हणाले.

"बाहेरून उघडतंय की."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. आत्या आधीच आत जाऊन बसली होती. संपलं.

मीही दोन दिवसांची सुट्टी काढून त्यांच्याबरोबर निघाले. परतीच्या वाटेवर नायगावच्या अलीकडं गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली. अप्पांनी गुमान एक घागर उचलली आणि गाडीच्या तोंडात ओतली. "माणसाला पाणी न्हाई, अन् ही घटाघटा प्यायली," ते पुटपुटले. पण नायगावात चहाच्या टपरीसमोर थांबलो तेव्हा माणसं गाडीभोवती गोळा झाली. एका म्हाताऱ्यानं ओळखलं, "अरं, ही तर डॉक्टरसाहेबाची मोटार!" त्यानं आमच्याकडून चहाचे पैसे घेऊ दिले नाहीत. अप्पांचा ताठा तिथून जरा सैल झाला. पुढं घाटाच्या उतारावर ते शीळ घालत होते.

उदगीरला रोज सकाळी गाडी शेतातल्या विहिरीवर जाऊ लागली. आमच्या घागरींबरोबर शेजारणींच्याही घागरी आत यायच्या, आणि शेजारणीही. एवढा हसण्या-बोलण्याचा गलका घेऊन गाडी गल्लीत शिरायची, की ही पाणी आणतेय की वरात, ते कळू नये. अप्पा वैतागल्यासारखं करायचे, पण कुणी उशिरा आली तर तिच्यासाठी हॉर्न वाजवत थांबायचे.

दिवाळीच्या सुट्टीला मी घरी निघाले तेव्हा आईच्या सांगण्यावरून मास्तरीणबाईंनाही बरोबर घेतलं. त्या आपली गाडी बघायला येतायत, असं अप्पांना वाटलं. ते दुकानात गेले की आम्ही चौघी गाडी घेऊन गावाबाहेरच्या तलावावर जायचो. तलाव ठणठणीत कोरडा पडला होता. फरशीसारखी टणक जमीन, ना झाड ना माणूस, धडकायला काहीच नाही. तिथं मास्तरीणबाईंनी आईला गाडी शिकवली, आणि आईच्या मागोमाग मला. आत्या बांधावर उभी राहून ओरडायची, "डावीकडं! अगं, डावीकडं!" तिला डावं-उजवं कधीच कळलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी अप्पा तिथं आले. कुणीतरी मोंढ्यात सांगितलं असणार. डोक्यावर छत्री धरून बांधावर आम्हा तिघींशेजारी उभे राहिले. खाली आई एकटीच गाडीत होती आणि मोठमोठ्या चकरा मारत होती. मागं धुळीचा लोट. तिनं अप्पांना पाहिलं, गाडी त्यांच्यासमोर आणून थांबवली. इंजिन बंद पडलं.

"म्हणून हीच पाहिजे होती?" अप्पांनी विचारलं.

"हाव," आई म्हणाली. "नांदेडला बाईंना बघितलं तवाच मनात आलं. पाण्याचंबी खरं होतं. पण हे जास्ती खरं."

अप्पांनी छत्री मिटली, बांध उतरले, पलीकडच्या बाजूनं आत बसले. "क्लच हळू सोडत जा," एवढंच म्हणाले. "हिचा आवाज ऐक आधी."

संक्रांतीनंतर कधीतरी अप्पांचं लातूरला काम होतं. माझी एक मावशी तिथं राहायची, तिला भेटायचं म्हणून आम्हीही निघालो. जाताना अर्ध्या वाटेपर्यंत अप्पांनी चालवली, मग एका कडुलिंबाच्या सावलीत गाडी थांबवून खाली उतरले. आईनं पदर खोचला. लातूरच्या रस्त्यांवर सगळीकडं खोदकाम, नव्या कचेऱ्यांचे फलक, चुन्याचा वास. त्या गडबडीतून तिनं गाडी कचेरीच्या आवारात आणली आणि पांढऱ्या सरकारी जीपांच्या रांगेत नीट सरळ उभी केली. शिपाई धावत आला, आईला बघून थबकला आणि अप्पांच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

अप्पा उतरले, टोपी सारखी केली. त्या दिवशी आतलं काम काही झालं नाही, साहेब दौऱ्यावर होते. तरी ते इतक्या खुशीत बाहेर आले की आम्ही मावशीकडं न जाता आधी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन भजी खाल्ली, आणि आत्यानं हट्टानं अजून एक प्लेट मागवली.