काचेच्या पेटीतला पाच नंबर

श्वार्त्सबाखच्या खाणवस्तीत एवाल्ड ग्राबोशबद्दल एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती: चौदा वर्षांत त्यानं गावच्या फुटबॉल क्लबचा एकही सामना चुकवला नव्हता. अंगात ताप असताना आला, पायाचं बोट मोडलेलं असताना आला, सख्ख्या बहिणीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठून आला. आठवडाभर जमिनीखाली कोळसा आणि रविवारी दुपारी तीनला पाच नंबरचा काळा शर्ट. तो फार मोठा खेळाडू होता असं नाही. पण त्याला चुकवून पुढे जायचं म्हणजे समोरच्याचा घाम निघायचा.

हा माणूस एकदा गाव सोडून जायच्या बेतात होता, निदान त्याच्या बायकोला, त्रूडेला, तरी तसं वाटलं होतं. चोपन्न साली दक्षिणेकडच्या एका मोठ्या क्लबाचे दोन गृहस्थ टोप्या हातात घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. त्रूडेनं प्लमचा केक पुढे केला. राहायला घर, घरात बाथटब, शिवाय चालवायला तंबाखूचं दुकान, असं सगळं त्यांनी सांगून झाल्यावर एवाल्डनं विचारलं, "आणि माझी कबुतरं?"

"तीही आणा की, ग्राबोशसाहेब."

"मी आणीन हो. पण ती पिंजऱ्यातून सुटली की इकडेच येणार. जुनं कबुतर नवी ढाबळ मानत नाही."

गृहस्थ हसले. एवाल्ड हसला नाही. केक संपवून ते गेले, आणि बाथटब कबुतरांनी खाल्ला, असं त्रूडे पुढे कित्येक वर्षं शेजारणींना सांगत राहिली.

आता त्या पेटीबद्दल. क्लबच्या सगळ्या बैठका मिंटाबाईच्या बिअरच्या गुत्त्यात व्हायच्या. गुत्त्याच्या दाराशेजारी भिंतीवर काचेची एक पेटी होती. दर गुरुवारी संध्याकाळी तिच्यात रविवारच्या खेळाडूंची यादी लागायची. वरच्या कागदावर पहिला संघ, खालच्यावर दुसरा. पाळी संपवून आलेले लोक तिथं गर्दी करायचे, यादीवर वाद घालायचे, आणि वाद कोरडा होऊ नये म्हणून आत जायचे. एवाल्ड मात्र त्या पेटीकडे ढुंकूनही बघायचा नाही. पाचव्या नंबरपुढे कोणाचं नाव असणार? सूर्य उगवला की नाही हे कोणी कागदावर बघतं का?

एकसष्टच्या सप्टेंबरात नवा प्रशिक्षक आला, राडेमाखर नावाचा. एका गुरुवारी त्यानं पाचव्या नंबरपुढे ऊल नावाच्या दुसऱ्याच खेळाडूचं नाव लिहिलं. गाव हादरलं. पण एवाल्डजवळ कोणी चकार शब्द काढला नाही. त्यानं वाचलंच असेल असं प्रत्येकानं धरलं, आणि जखमेवर मीठ कशाला चोळायचं म्हणून प्रत्येकजण त्याच्याशी जरा जास्तच गोड वागला. खाणीत कोणीतरी त्याला आपल्या डब्यातलं सॉसेज दिलं. त्यानं ते खाल्लं.

रविवारी सकाळभर तो नेहमीसारखा अंगणात आकाशाकडे डोळे लावून बसला. शर्यतीसाठी लांबून सोडलेली त्याची कबुतरं घरी परतायची होती. दुपारी पिशवी घेऊन तो मैदानावर गेला आणि कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडलं. पाच नंबरचा शर्ट ऊलच्या अंगात होता.

राडेमाखर म्हणाला, "ग्राबोश, यादी गुरुवारपासून लागली आहे."

"मी वाचत नाही."

"सगळे वाचतात."

एवाल्डला फार लागलं. आयुष्यात इतकं कधी लागलं नव्हतं. तो पिशवी उचलून बाहेर पडला, तर व्हरांड्यात दुसऱ्या संघाचा कप्तान शोर्श उभा.

"काय रे, आता उगवलास होय? आमचा सामना सकाळी दहाला होता."

"मग?"

"मग काय मग! खालच्या कागदावर तुझं नाव होतं. दुसरा संघ, नंबर पाच, ग्राबोश. दहा जण खेळलो आम्ही. सहा गोल खाल्ले."

"अरे, मग कोणी बोलवायला का नाही आलात?"

"वाटलं, तू रुसलास." शोर्शनं मान खाली घातली. "आणि म्हटलं, चौदा वर्षांनी एकदा रुसला तर रुसू दे."

एवाल्डचे कान तापले. शर्ट गेल्याचं दुःख होतं, पण ते दुसऱ्यानं दिलेलं. ही लाज त्याची स्वतःची होती. आपल्या क्लबाची दहा माणसं सकाळी मैदानात उभी होती, आणि अकरावा घरी कबुतरं मोजत बसला होता.

घरी आल्यावर त्यानं त्रूडेला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पाववाल्याकडे कळलं, शुक्रवारी. तू मनाला लावून घेतलंयस असं वाटलं, म्हणून गप्प बसले."

"मी वाचलंच नव्हतं गं. सामना चुकला माझा."

त्रूडे म्हणाली, "दक्षिणेला गेलो असतो, तर निदान बाथटबात बसून रडला असतास." आणि तिनं त्याच्यापुढे केकचा मोठा तुकडा ठेवला.

पुढच्या गुरुवारी पाळी सुटल्यावर एवाल्ड त्या पेटीपुढे जाऊन उभा राहिला. लोक बाजूला झाले. वरचा कागद त्यानं पहिल्या नंबरापासून अकराव्यापर्यंत सावकाश वाचला. मग खालचा. तिथं पाचव्या नंबरपुढे जागा कोरी होती आणि कंसात शोर्शच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'आधी विचारावं लागेल.'

"मिंटाबाई," त्यानं आत हाक मारली, "पेटीची किल्ली द्या. आणि पेन्सिल."

चौदा वर्षांत त्यानं त्या पेटीत आपलं नाव पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही स्वतःच्या हातानं लिहिलेलं. रविवारी सकाळी, कबुतरं परतल्याची वेळ नोंदवायचं शर्यतीचं घड्याळ त्रूडेच्या हातात देऊन, कबुतरं तिच्यावर सोपवून तो निघाला. मैदानावर पोचला तेव्हा नऊही वाजले नव्हते. फाटकाला कुलूप होतं. तो पिशवी पायाशी ठेवून तिथंच उभा राहिला.