तळातलं वेचणारा

आज बाजारात मृगळ मासा दिसला. खाली वळलेलं तोंड, तळातलं वेचून खाणारा. शेजारीच कटला, तोंड वर केलेला. पाण्यावर पडेल ते आधी त्याचं.

लग्नानंतर आमच्या शेततळ्यात मी अतिशहाणी सगळी पेंड वरच उधळायचे. मृगळ रोडावले, तर म्हटलं, "रुसलेत मेले!" हे हसले. "अगं, तोंड बघ की त्यांचं! खाली नको का पोचायला?" मग हेच पेंडीची पिशवी तळाशी सोडायचे.

माशांची तोंडं मी शिकले, ह्यांचं नाही. हे सगळ्यांमागून जेवायचे. "मला बुडाची खरवडच आवडते," म्हणायचे आणि मी ठोंबी जन्मभर तीच वाढत राहिले.

आता वरचा मऊ भात ह्यांच्या फोटोपुढे ठेवते, खरवड मी खाते. मुळीच चांगली लागत नाही हो.