चंद्राबाईनं धरलेली वायर

दहिवलीची चंद्राबाई भीमगीतांच्या सामन्याला उभी राहायची, ती आधी माईकवाला कुणाचा कोण ते विचारून. पोशीरच्या सामन्यात ऐन कडव्यात तिचा माईक मेला होता, नि माईकवाला निघाला समोरच्या पार्टीतल्या चंदरचा मेव्हणा. तेव्हापासून वायर म्हटली की तिच्या कपाळाला आठी.

गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं उरलं, तेही घोगरं, गाणं गेलं. त्याआधी मुंबईच्या एका कंपनीनं तिची गाणी भरून नेली होती, आवाजाचा कण न् कण धरणाऱ्या डिस्कवर. तेवढ्यातच आता तिचा गळा शिल्लक. डिस्क साध्या प्लेअरवर चालेना. बुद्धपौर्णिमेला विहारात लावायची म्हणून तसला प्लेअर साउंडवाल्या रत्नदीपनं पैदा केला. हा चंदरचाच पोरगा.

सकाळी माणसं जमायच्या आधी त्यानं डिस्क लावली. आकडे पळू लागले, स्पीकर मुके. साधी सीडी घातली, ती त्याच वायरीवर खणखणली.

“बापाची खोड उतरली रं तुझ्यात,” चंद्राबाई म्हणाली.

रत्नदीपनं बाजूला जाऊन कुणाला तरी फोन लावला. चंदरलाच लावला असणार, असं तिनं धरून टाकलं. तो परत आला नि प्लेअरच्या मागची बारीक वायर उपटली.

“मावशी, कंपनीनं डिस्कला कुलूप घातलंय. या डिजिटल वायरीतून गाणं जसंच्या तसं निघतं, कुनी उतरवून घेईल म्हनून तिथं बंद. लाल-पांढऱ्या जुन्या वायरीतून सोडतात.”

“माझा गळा, नि मलाच कुलूप?”

त्यानं जुन्या वायरी खोचल्या. आवाज आला. चंद्राबाईनं मान हलवली नाय. तिसऱ्या ओळीत शब्द मधेच तोडून ती दम घ्यायची. चंदरची पार्टी त्यावर हसायची. तो दम आला, जसाच्या तसा. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

“ती बारीक वायर दे इकडं.”

“आता ती लागत नाय, मावशी.”

“म्हनूनच दे. ऐन कडव्यात परत खोचशील.”

वायरीचं वेटोळं मांडीखाली दाबून ती पुढच्या सतरंजीवर बसली. माणसं आली, गाणी लागली. सगळे स्पीकरकडं कान देऊन होते. चंद्राबाई रत्नदीपच्या हातांकडं बघत होती.