बाबांच्या कॉम्प्युटरची तारीख

परळच्या ज्या काचेच्या इमारतीत मी नोकरी करते, तिच्या जिन्याच्या खिडकीतून आमची काळाचौकीची चाळ दिसते. दिवसभर लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून चालू करून देणं हे माझं काम. समोरचा कितीही वैतागलेला असो, माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नक्की काय उघडत नाहीये? हा प्रश्न विचारण्याचाच मला पगार मिळतो. बाबांना मात्र तो मी विचारला नाही.

बाबांचा फोन जेवणाच्या सुट्टीत यायचा. "गो, साइट उघडना नाय."

घास गिळता गिळता मी म्हणायचे, "बंद करून चालू करा, बाबा."

ते इमानेइतबारे बंद करायचे, चालू करायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन. "काय साइटी उघडतत, काय नाय." मला वाटायचं, असेल काहीतरी पत्रिकांचं. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी वॉचमनचं काम केलं, आणि आता म्हातारपणी चाळीतल्या पोरापोरींच्या पत्रिका फुकट जुळवून देतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी लोक गुण बघायला आमच्या दारात येतात. माझी पत्रिका त्यांनी कितीजणांशी जुळवून पाहिली हे मी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. त्या उद्योगाविषयी माझ्या मनात अढीच होती. एखाद्या वधूवरांची साइट चार दिवस उघडली नाही तर कोणाचं काय अडतंय, असं म्हणून मी फोन ठेवायचे.

मग एकदा फोन आला तो वेगळाच. "ह्यो डबो मी भंगारात देतंय. तुका होयो तर घेऊन जा." बाबा सहसा चिडत नाहीत. मी ऑफिस सुटल्यावर तडक घरी गेले.

आई स्वयंपाकघरातून भिंतीला हात लावत बाहेर आली. गुडघे धरले असतील, असं मला वाटलं. चहा टाकते म्हणाली, मी नको म्हटलं आणि कॉम्प्युटरपुढे बसले. वायर बघितली, राउटर बंद करून पुन्हा लावला, व्हायरस शोधला. बातम्यांची साइट झटकन उघडली, दुसरी एक उघडेना. बाबा खुर्चीच्या मागे उभे होते.

"तुम्ही नको तिथे क्लिक केलं असणार," मी म्हटलं. चांगली ओरडलेच.

"नाय गो," एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, की तुमचं घड्याळ मागे आहे.

"ता माका ठावक आसा," बाबा म्हणाले. "रोज तसाच सांगता. पण माझा घड्याळ बरोबर आसा. रेडिओवर मिळवलंय." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मग पडद्याच्या कोपऱ्याकडे. खरंच मिनिटाचाही फरक नव्हता. वेळेच्या खाली तारीख होती. ती गेल्या दिवाळीतली होती.

तारीख मागे घ्यायला मीच शिकवलं होतं. पत्रिकेचं सॉफ्टवेअर महिनाभरच फुकट चालतं, मग विकत घ्यावं लागतं. बाबा घेऊया म्हणत होते. मला ते सोपस्कार करायचा कंटाळा. म्हटलं, कशाला? महिना संपत आला की तारीख मागे न्या, आणि मशीन आपोआप ती दुरुस्त करणार नाही अशी सोयही करून दिली. हुशारी मिरवायला मला कोणी सांगायला लागत नाही. बाबा माझं ऐकून इमानदारीने कॉम्प्युटरला दिवाळीत ठेवत राहिले. साइटला मात्र कॉम्प्युटरपुढे स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि त्या ओळखीवर कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते. पुढल्या महिन्याचा बसचा पास आज दाखवला तर कंडक्टर जसा उतरवतो, तसा बाबांचा कॉम्प्युटर दिवाळीनंतरची नवी ओळख घेऊन आलेल्या साइटींना परत पाठवत होता. जुन्या ओळखीवाल्या तेवढ्या आत येत होत्या.

मी तारीख सरळ केली. सगळं धडाधड उघडायला लागलं.

"हं, सांगा आता. कुठली साइट हवी होती?" मी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा.

"तुझ्या आवशीच्या डोळ्यांच्या डॉक्टराची."

नाक्यावरच्या डॉक्टरांनी आईची साखर बघून सांगितलं होतं, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना लवकर दाखवा. त्यांची वेळ साइटवरूनच मिळते. बाबांचा फोन बटणांचा. आईला डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके दिसत होते, मग ठिपक्यांचा पडदा झाला. आणि बाबा रोज दुपारी हात धुऊन कॉम्प्युटरपुढे बसत होते.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगलंय मा, साइट उघडना नाय म्हणान." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "आवस म्हणाली, जास्त काय सांगा नको. तू कामात असतस."

माझ्या खिशातल्या फोनवरून ती वेळ चहा उकळेपर्यंत मिळाली असती. मी सगळ्यात जवळची तारीख घेतली. बाबा मागून म्हणत होते, "बघ, कसा पटकन जमला तुका."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा डोळा लेसरने सांभाळू; डाव्याचं जे गेलं ते परत येणार नाही. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. "बरंच वाचलं असतं," ते म्हणाले आणि लिहू लागले.

लेसरसाठी बाहेर बाकावर बसलो होतो. मी आईच्या डाव्या बाजूला. उजवीकडच्या अनोळखी बाईंना आई सांगत होती, "माझ्या चेडवान साइट उघडून दिली म्हणून नंबर लागलो. नायतर आमका काय कळता!" बाई मला बघायला पुढे वाकल्या. "ही काय, हीच ती," म्हणत आईने माझ्याकडे हात केला. तो हात माझ्या खांद्याच्या पुढून हवेतच गेला. मग तिने मान पूर्ण वळवली, उजव्या डोळ्याने मला शोधलं, आणि हसली.